दुसऱ्या खोलीतल्या पीसीवर प्रोग्राम चालवताना

आधी राउटरमध्ये त्या पीसीचा आयपी पत्ता राखून ठेवा. नाहीतर एक दिवस पत्ता बदलतो आणि तुम्ही चूक एसएसएचमध्ये (लॅपटॉपवरून त्या पीसीत लॉगिन करायच्या सोयीत) शोधत बसता. पीसीवर उबुंटू डेस्कटॉप (लिनक्सचा एक प्रकार) असेल तर त्यावर एसएसएचचा सर्व्हर वेगळा टाकावा लागतो. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' दिसलं तर बहुतेक तेच राहिलेलं असतं.

खरं जपायचं ते लांबलचक कामांना. लॅपटॉप झाकला की जोडणी तुटते, आणि तिच्याबरोबर तिकडचा प्रोग्रामही बंद पडतो. रात्रभराचं व्हिडिओ रूपांतर वाया! म्हणून लॉगिन केल्या केल्या टीमक्स (tmux, जोडणी तुटली तरी तिकडचं काम चालू ठेवणारा प्रोग्राम) सुरू करा आणि प्रोग्राम त्याच्या आतच चालवा. कंट्रोल-बी दाबून सोडा, मग डी दाबा: तुम्ही बाहेर, काम चालूच. परत आल्यावर 'टीमक्स अटॅच'. त्या पीसीचं स्लीप मात्र सेटिंगमधून बंद करा. हे हमखास राहून जातं.