ट्रक टर्मिनल बांधताना आराखड्यात सर्वात आधी काय ठरवावं?

ट्रक कसे फिरणार, हे. इमारत नंतर. बहुतेक जण गोदामाच्या नकाशापासून सुरुवात करतात आणि उरलेली जागा ट्रकला देतात, तिथेच चुकतं. 16-17 मीटर लांबीचा ट्रेलर डॉकला, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या धक्क्याला, सरळ लावायचा तर डॉकसमोर साधारण 36 ते 40 मीटर मोकळी जागा हवी. वाहतूक एकेरी ठेवा, आणि दिशा अशी निवडा की ट्रक मागे घेताना चालकाला स्वतःच्या खिडकीतून मागची बाजू दिसेल. अपघात यानेच कमी होतात, म्हणून यावर मी अडून बसतो. गेटच्या आत रांगेला जागा ठेवा, नाहीतर ती रस्त्यावर येते.

फरसबंदीत पैसे वाचवू नका. डांबर डिझेल सांडून मऊ पडतं, आणि ट्रकपासून सोडवून उभ्या ठेवलेल्या ट्रेलरचे टेकूचे पाय उन्हाळ्यात त्यात रुततात. डॉक, पार्किंग आणि इंधन भरण्याच्या जागी काँक्रीटच करा. पण त्याआधी सांडपाण्याच्या वाहिन्या, तेल-पाणी वेगळं करणारी टाकी आणि पुढे लागणाऱ्या चार्जिंग केबलसाठी रिकामे पाइप टाकून घ्या. काँक्रीट पडल्यावर हेच काम कितीतरी महाग पडतं.

चालकांसाठी स्वच्छतागृह आणि विश्रांतीची खोली पहिल्याच टप्प्यात घ्या.