हलके रिव्हॉल्व्हर निवडताना

प्रश्न : झवेरी बाजारात माझी पेढी असून मला नुकताच शस्त्र परवाना मिळाला आहे. वजनाला हलके म्हणून ‘निर्भीक’ घ्यावे का?

उत्तर : कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४ मध्ये आणलेले हे .३२ बोअरचे, सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर टायटॅनियमच्या मिश्रधातूचे असल्याने साधारण अर्धा किलो भरते, आणि दिवसभर कमरेला वागवण्यास ते सोयीचे आहे, यात शंका नाही. मात्र काडतूस तेच ठेवून शस्त्राचे वजन घटवले की गोळी सुटतानाचा धक्का हाताला अधिक जाणवतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, घोडा (मागची हातोडी) आधी न ओढता थेट चाप दाबायचा झाल्यास लागणारा जोर शस्त्राच्या वजनाच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे हलके शस्त्र मुठीत डगमगते आणि नेम ढळतो. २०२३ मध्ये आलेले, कानपूरचेच ‘प्रबळ’ सुमारे ७०० ग्रॅमचे आहे आणि त्याची चक्री (गोळ्या भरायचा फिरता भाग) बाजूला उघडते. वरळीच्या नेमबाजी रेंजवर नियमित सराव करणे ज्यांना जमणार नाही, त्यांनी ‘प्रबळ’चे ते जादा दोनशे ग्रॅम खुशाल वागवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. खरेदीपूर्वी चक्रीची सर्व घरे रिकामी असल्याची स्वतः खात्री करावी, आणि भिंतीकडे रोखून चाप सावकाश दाबताना नळीवरची माशी (नेम धरण्याची टोकाची खूण) किती हलते, ते पाहावे.

प्रश्न : पतीच्या परवान्यावरील रिव्हॉल्व्हर मी पर्समध्ये ठेवू शकते का?

उत्तर : नाही. परवाना व्यक्तीच्या नावे असतो, त्यामुळे आपण पोलीस आयुक्तालयाकडे स्वतंत्र अर्ज करावा. परवाना मिळाल्यावरही पर्समध्ये शस्त्र ठेवू नये, कारण चोर प्रथम पर्सच हिसकावतो.

प्रश्न : शस्त्र शर्टाखाली लपवून नेणे बेकायदा ठरते का? पावसाळ्यात ते कसे जपावे?

उत्तर : उलट, शस्त्र नियम, २०१६ नुसार सार्वजनिक ठिकाणी ते होल्स्टरमध्ये (शस्त्राच्या म्यानात), पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असले पाहिजे. लोकलच्या गर्दीत तर चाप पूर्ण झाकणारे, पट्ट्याला घट्ट बसणारे होल्स्टरच वापरावे. नुसत्या खिशात शस्त्र कधीही ठेवू नये. चामडे घाम आणि ओल धरते, म्हणून घरी आल्यावर शस्त्र होल्स्टरमधून काढून, रिकामे करून, कोरड्या कापडाने पुसावे. पोलादी भागांवर तेलाचा पातळ हात फिरवावा आणि काडतुसे वेगळी ठेवून ते कुलपात बंद करावे. टायटॅनियम गंजत नसले तरी पोलादी स्क्रू व स्प्रिंगा मुंबईच्या दमट हवेत लवकर गंजतात.