माल रवाना झाला, पण शंका जात नाही

"मॅडम, माझ्या सहीने चुकीचा माल बाहेर गेला आणि उद्या त्याच्यामुळे एखादं विमान पडलं, तर?" विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअर आणि डिस्पॅच सांभाळणारे एक गृहस्थ पत्नीसह साताऱ्यात माझ्याकडे मानसोपचारासाठी आले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलेला प्रश्न हाच होता. ओळख पटू नये म्हणून त्यांचे तपशील मी बदलले आहेत. त्रास मात्र जसा होता तसा मांडते, कारण औषधांचे पॅकिंग, बँकेची रोकड, रुग्णालयातील इंजेक्शने अशी जोखमीची कामे करणारी कितीतरी माणसे हीच भीती वेगवेगळ्या शब्दांत सांगतात.

त्यांचे काम समजून घेतल्याशिवाय ही भीती समजत नाही. या क्षेत्रात भागांना बॅच नंबर असतो, धातू कोणत्या हीटमधला, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या कोणत्या घाण्यातला, आहे याची नोंद असते आणि त्याचे प्रमाणपत्र मालाबरोबरच जावे लागते. कागद नसेल तर भाग कितीही चांगला असला तरी तो विमानात बसवता येत नाही. रबरी सील आणि सीलंट यांना मुदत असल्याने ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी काढावा लागतो. नाकारलेला माल लाल टॅग लावून कुलूपबंद जाळीत वेगळा ठेवतात. त्यानंतर पॅकिंग लिस्ट, इनव्हॉइस, ई-वे बिल आणि शेवटी गाडीचे सील. अशा ठिकाणी काटेकोर माणूसच लागतो, आणि हे गृहस्थ तसे होतेच.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादला विमान अपघात झाला. त्या अपघाताशी आपल्या कारखान्याचा काही संबंध नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तरीही टीव्हीवरची दृश्ये पाहिल्यापासून त्यांची तपासणी वाढत गेली. बंद केलेली पेटी पुन्हा उघडायची, लेबलाचा फोटो काढायचा, घरी आल्यावर तो पाहत बसायचे. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात मोबाइल. आकडा मोठा करून करून बघतात. हा आठ आहे का तीन, म्हणून मला विचारतात. मी आठ म्हटलं तरी परत विचारतात." एकदा मुंबई विमानतळाकडे निघालेली गाडी खंबाटकीच्या पुढे गेल्यावर त्यांनी चालकाला फोन करून ती बाजूला घ्यायला लावली आणि सीलचा फोटो मागवला. फोटो आला, नंबर जुळला, थोडा वेळ बरे वाटले. मग मनात आले, की हा फोटो याच गाडीचा कशावरून?

माहिती कमी पडल्यामुळे ही शंका येत नव्हती, म्हणून आणखी माहितीने ती मिटणारही नव्हती. नेदरलँड्समधील मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना संगणकावरील गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा तपासायला सांगितले होते. त्यांची आठवण बरोबरच राहिली, पण त्या आठवणीवरचा त्यांचा भरवसा घटला. हे मी सांगितले तेव्हा गृहस्थ बराच वेळ बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "म्हणजे मी जितकं बघतो तितकं मला कमी दिसतं."

चूक होणारच नाही, अशी ग्वाही मी त्यांना दिली नाही. ती खोटी ठरली असती, आणि रोज नव्याने मागितली गेली असती. त्याऐवजी त्यांच्या कामाच्या लेखी पद्धतीत किती तपासण्या सांगितल्या आहेत, ते त्यांच्याकडूनच लिहून घेतले: एकदा स्वतः, एकदा दुसऱ्या माणसाच्या सहीने. पुढे ग्राहकाकडे आवक तपासणी होते, भाग बसवताना नंबरची नोंद होते, जोडणीनंतर चाचणी होते. या साखळीतली एकच कडी त्यांची होती. बाकीच्या सगळ्या कड्या ते मनाने एकटेच ओढत होते.

मनोविकारतज्ज्ञांनी मंत्रचळाचे, म्हणजे ओसीडीचे, निदान करून औषध सुरू केले. माझ्याकडे आम्ही जी पद्धत वापरली तिची सुरुवात व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये केली होती: भीती येऊ द्यायची, पण तिच्यासाठी ठरलेली कृती करायची नाही. आधी फोटो बंद झाले, मग बंद पेटी उघडणे, शेवटी चालकाला फोन करणे. अस्वस्थता चढायची आणि काही न करताही उतरायची, हे त्यांना अंगानेच कळावे लागले. सर्वांत अवघड काम मात्र त्यांच्या पत्नीचे होते, असे मला वाटते. नवरा कासावीस होऊन विचारत असताना "काही होत नाही" हे तीन शब्द गिळायचे आणि "याचं उत्तर द्यायचं नाही असं ठरलंय, चहा टाकू का?" एवढेच म्हणायचे, याला मोठे धैर्य लागते.

एक सीमारेषा आम्ही स्पष्ट आखली. नग कमी भरले, लेबल फाटलेले दिसले, प्रमाणपत्र जोडलेले नाही, असे काही डोळ्यांसमोर असेल तर गाडी थांबवून क्वालिटी विभागाला कळवायचे, त्यात संकोच नको. "तसं झालं असेल तर?" एवढ्यावर मात्र गाडी थांबवायची नाही.

या खात्यातून बदली मागू का, असे त्यांनी मला दोनदा विचारले होते. त्रास भरात असताना बदली मागू नये, असे माझे मत होते आणि आहे, कारण शंका माणसाबरोबर नव्या टेबलावरही येते. ते आजही डिस्पॅचलाच आहेत. वार्षिक स्टॉक मोजणीच्या दिवसांत त्रास थोडा डोके वर काढतो, तेव्हा ते भेटीची वेळ घेतात. अशा तपासणीत ज्यांचा दिवसाचा तासाहून अधिक वेळ जातो, त्यांनी राजीनामा लिहिण्याआधी मनोविकारतज्ज्ञांना भेटावे; ते लगेच जमत नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येते.