जुन्या पेजमेकर फाईलमधलं मराठी-कन्नड मॅटर युनिकोडमधे आणताना अक्षरं का फुटतात?

तुम्ही म्हणताय स्मरणिकेची जुनी फाईल, पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधली, कन्व्हर्टरमधे (म्हणजे जुन्या फॉन्टचं मॅटर युनिकोडमधे, प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असणाऱ्या पद्धतीत, आणणाऱ्या प्रोग्राममधे) टाकली की मराठी निम्मं बरोबर येतं, कन्नडचा पार चिवडा होतो, आणि पीडीएफमधून कॉपी केलं तरी तेच. बेळगाव-निपाणीकडं हे होणारच, आपल्याकडं एकाच पानावर वर मराठी आणि खाली कन्नड.

मुळात त्या फाईलीत मराठी नाहीच ओ, इंग्रजी अक्षरं आहेत, फॉन्ट त्यावर फक्त आपल्या अक्षराचं चित्र दाखवतो. कृतीदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमधे 'स्थिती' म्हणजे आत छोटा एफ, मोठा एल, मोठा एफ, छोटे के, आर, एच. त्याच अक्षरांना नुडी हा कन्नड फॉन्ट लावला की कन्नडमधलं भलतंच दिसतं. म्हणून अख्खी फाईल एकदम कन्व्हर्ट करायची नाही, आधी फॉन्टप्रमाणे मॅटर वेगळं करायचं. इनडिझाईन सीएस६ या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधे पेजमेकर ६ आणि पुढच्या आवृत्त्यांची फाईल उघडते, तिथं फाईंड-चेंजमधे फॉन्ट निवडून प्रत्येकाला वेगळी कॅरेक्टर स्टाईल द्या, म्हणजे कुठलं मॅटर कुठल्या फॉन्टचं ते वेगळं ओळखता येईल.

आणि फॉन्टच्या नावावर विश्वास ठेवू नका, एकाच नावाचे दोन फॉन्ट दोन मशीनवर वेगळ्या लेआऊटचे निघतात, म्हणजे त्याच इंग्रजी अक्षरावर वेगळं चित्र. विंडोजमधलं कॅरेक्टर मॅप उघडून बघा की.

नुसतं फाईंड-रिप्लेस करून पण भागत नाही. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टात आधी टाईप होते, युनिकोडात ती अख्ख्या 'स्थ'च्या नंतर जाते, फुकटातले कन्व्हर्टर एकच अक्षर ओलांडतात आणि तिथंच फुटतं. रफाराचं उलटं, 'धर्म'मधे जुन्यात म नंतर, युनिकोडात म च्या आधी. हिंदीसाठी बनवलेले तर 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' करून ठेवतात, तिथं ऱ म्हणजे युनिकोड क्रमांक ०९३१ पाहिजे. मी आधी 'स्थिती धर्म दुसऱ्या लक्ष्मी ट्रॅक्टर' एवढं चालवून बघतो, मग बाकीचं. नंतर इनडिझाईनमधे वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिपीतली जोडाक्षरं नीट जुळवणारी सेटिंग) लावा, नाहीतर बरोबर मॅटरसुद्धा तुटकं दिसतं आणि तुम्ही उगाच कन्व्हर्टरला शिव्या घालाल.

पीडीएफचं म्हणाल तर, आत टू-युनिकोड टेबल (कुठलं चित्र म्हणजे कुठलं युनिकोड अक्षर याची यादी) नसेल तर पीडीएफ रीडर ग्लिफच्या, म्हणजे फॉन्टमधल्या अक्षराच्या चित्राच्या, नावावरून अक्षर ओळखतो. कृतीदेवच्या क चं नाव 'डी' असेल तर कॉपीत डी येणार, ते चांगलंच, तोच कचरा कन्व्हर्टरला द्या. पण नावं जी१, जी२ अशी असतील तर त्यातून काही निघत नाही, ओसीआर (पानाच्या चित्रावरून अक्षरं वाचणारं सॉफ्टवेअर) करा नाहीतर सरळ टाईपच करून घ्या.