वाचक विचारतात : गाळाच्या बोटीत तेल?

प्रश्न (रत्नागिरीहून एक वाचक) : नमस्कार काका, माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात गोऱ्यांच्या बोटीवर खलाशी होते. ते सांगायचे म्हणे की लढाईच्या टायमाला गाळ काढायच्या बोटीतसुद्धा तेल भरून न्यायचे. घरात सगळे म्हणतात म्हातारा थापा मारायचा. खरंच असं झालं होतं का, आणि गाळाच्या बोटीत तेल राहील कसं?

उत्तर : पणजोबांना थापाड्या म्हणू नका हो, अशी बोट खरोखर होती आणि तिच्या नावातच सगळी कुंडली आहे. नाव ड्रेजॉल. ब्रिटिश नौदलाला तेल-कोळसा पुरवणारा रॉयल फ्लीट ऑक्झिलरी नावाचा जहाजांचा ताफा होता, 1905 साली सुरू झालेला, त्यांच्या तेलाच्या बोटींच्या नावाला शेवटी 'ऑल' (ऑइलमधलं) लावायची पद्धत होती, म्हणजे बेलगॉल, फोर्टॉल, प्रेस्टॉल, क्रिओसॉल असं. तर ड्रेजर, म्हणजे गाळ काढायची बोट, अधिक ऑल, झालं ड्रेजॉल! बारशाला फार डोकं चालवलेलं दिसत नाही. 1918 सालची बोट, स्कॉटलंडमधल्या रेनफ्र्यू गावच्या विल्यम सायमन्स यार्डातली. हे यार्ड म्हणजे ड्रेजर बांधण्यात मुरलेले लोक, पनामा कालव्यावर काम केलेला कोरोझाल ड्रेजर पण त्यांचाच.

आता अशी वेळ का आली ते बघा. युद्धाच्या आधी ब्रिटिश नौदल कोळशावरून तेलावर यायला लागलं होतं, क्वीन एलिझाबेथ जातीच्या मोठ्या युद्धनौका तर निव्वळ तेलावर चालणाऱ्या. पण इंग्लंडात कोळसा ढिगाने आणि तेल जवळपास शून्य, सगळं समुद्रावरून आणायचं. म्हणून 1914 मध्ये सरकारने अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीत 51 टक्के हिस्सा घेतला, आणि युद्ध सुरू झाल्यावर त्याच कंपनीची इराणमधल्या अबादानची रिफायनरी सांभाळायला हिंदुस्थानातून फौज गेली. 6 नोव्हेंबर 1914 ला इराकच्या किनाऱ्यावर फाओला जी ब्रिगेड उतरली ती पुण्याच्या 6 व्या डिव्हिजनची, आणि तिच्यात 117 वी मराठा पलटण होती, म्हणजे या तेलाच्या भानगडीत आपली माणसं पहिल्या दिवसापासून होती हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. असो. मग 1917 ला जर्मन पाणबुड्यांनी टँकर असे बुडवायला घेतले की नौदलाचा तेलाचा साठा तळाला लागला, युद्धनौकांना विनाकारण जोरात पळू नका असं सांगायची वेळ आली, साध्या मालवाहू बोटींच्या दुहेरी तळातल्या पोकळीत सुद्धा तेल भरून आणायला लागले. एवढी चणचण असताना ज्याला पोट आहे अशी कुठलीही बोट तेलाची होऊ शकते.

आणि हॉपर ड्रेजरला पोटच पोट असतं! समुद्राच्या तळाशी एक जाडजूड पाइप सोडतात, पंप गाळ आणि पाणी एकत्र ओढून वर आणतो आणि बोटीच्या मधल्या हौदात ओततो, त्या हौदाला हॉपर म्हणतात. जड गाळ खाली बसतो, वरचं पाणी कडेवरून वाहून जातं. हौद भरला की बोट खोल समुद्रात जाते, तळाची दारं उघडतात, गाळ भसकन खाली, की बोट परत कामावर. थोडक्यात इंजिन लावलेला हौद.

पण खरी गोम त्या तळाच्या दारांत आहे. दारातून थोडा गाळ गळला तर कोणाचं काय बिघडतं, समुद्रातूनच आला समुद्रात गेला. तेलाचं तसं नाही, तेव्हा आधी ती दारं कायमची बंद करून वर प्लेटा ठोकायच्या. हॉपर वरून उघडा असतो, त्यावर डेक टाकून झाकायचा. मग मध्ये पोलादी भिंती घालून हौदाच्या छोट्या छोट्या टाक्या करायच्या. हे का, तर अर्धा भरलेला पाण्याचा टँकर घाटात वळण घेताना कसा कलंडायला बघतो ते आठवा, द्रव डचमळला की सगळं वजन एका बाजूला जातं, समुद्रात तेच झालं तर बोट आडवी. गाळ खाली बसून राहतो, तेल बसत नाही. शिवाय गाळाचे पंप तेलाला चालत नाहीत, ते वेगळे. नौदलाचं फर्नेस ऑइल थंडीत काकवीसारखं घट्ट होतं, म्हणून टाकीत वाफेच्या नळ्या फिरवायच्या आणि गरम करून मग उपसायचं. आणि बॉयलर आणि तेल यांच्यामध्ये एक रिकामा कप्पा सोडायचा, हा विसरलात तर बाकी सगळं केलेलं पाण्यात.

अजून एक गंमत, जी मला सगळ्यात आवडते. एक घनमीटर ओली वाळू दोन टनांच्या आसपास भरते आणि तेल एक टनाच्या सुद्धा आत. हॉपरचं माप जड मालाच्या हिशोबाने काढलेलं असतं, त्यामुळे तो हौद तेलाने काठोकाठ भरला तरी बोट नेहमीपेक्षा वरच तरंगते. जागा संपते पण वजन उचलायची ताकद उरते, म्हणजे टँकर म्हणून हा सौदा तसा अर्धवटच. घाई नसती तर कोणी केला नसता.

प्रश्न (ठाण्याहून एक वाचक) : मग दुसऱ्या महायुद्धात सरसकट सगळ्या ड्रेजरचे टँकर का नाही करून टाकले?

उत्तर : कारण ड्रेजर काढून घेतला तर बंदर बुजतं की. नदीच्या मुखावरचं बंदर असेल तर गाळ उपसणं थांबलं की टँकर धक्क्यालाच लागणार नाही, मग तेल आणून ठेवणार कुठे! म्हणून माझ्या मते ड्रेजर ओढून न्यायचा तो अगदीच गळ्याशी आल्यावर.

प्रश्न (नाशिकची एक विद्यार्थिनी) : सर, याच्या उलट कधी झालंय का, म्हणजे तेलाच्या बोटीचं भलतंच काही केलंय असं?

उत्तर : झालंय, आणि तिथे पण गाळच आडवा आलेला आहे. व्हेनेझुएलात माराकाइबो नावाचं मोठं सरोवर आहे, त्याच्याखाली तेल, पण सरोवराच्या तोंडाशी वाळूचा बांध, मोठी बोट आत जाणारच नाही. म्हणून कमी पाण्यात चालतील असे चपटे टँकर बांधले, ते आतून कच्चं तेल भरून जवळच्या अरुबा आणि कुरासाव बेटांवरच्या रिफायनऱ्यांना द्यायचे, एसटीच्या फेऱ्या असतात ना तशा रोजच्या फेऱ्या. 1940 मध्ये फ्रान्समधल्या डंकर्कहून माघार घ्यावी लागल्यानंतर ब्रिटिशांना रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारी बोट पाहिजे होती, तर कोणाला तरी हे चपटे टँकर आठवले. मिसोआ, तासाहेरा आणि बाचाकेरो असे तीन घेतले, पुढचं नाक कापून तिथे दार आणि रॅम्प बसवला, आणि तेलाच्या जागी रणगाडे. बाचाकेरो मे 1942 मध्ये मादागास्करच्या चढाईत होती, आणि नोव्हेंबरमध्ये अल्जीरियात आर्झ्यूला तिघी होत्या.

मागे राहिलेल्या चपट्या टँकरांचे मात्र हाल झाले. 16 फेब्रुवारी 1942 ला यू-156 या जर्मन पाणबुडीने अरुबापाशी रात्रीच टँकरांना गाठलं. ओरान्येस्टाड बुडाली, पेदेर्नालेस पेटली. रिफायनरीवर तोफ डागायला गेले तर घाईत तोफेच्या तोंडाचं झाकण काढायचंच राहिलं, पहिल्याच गोळ्याला नळी फुटली आणि त्यांचाच एक माणूस मेला. पेदेर्नालेसचं तर ऐकून विश्वास बसत नाही, तिचा मधला जळका भाग कापून टाकला, पुढचा आणि मागचा तुकडा एकमेकांना जोडला आणि ती आखूड बोट बाल्टिमोरला चालवत नेली, तिथे नवीन मधला भाग बसवला.

तो वाळूचा बांध पुढे 1950 च्या दशकात ड्रेजरनी उपसून खोल केला, मोठे टँकर सरळ सरोवरात जायला लागले, आणि या छोट्या चपट्या टँकरांचं काम सुटलं.