रोज पुसूनही फरशीचा वास जात नाही

प्रश्न : सुट्टीत गावी गेलो होतो, तेव्हा बोक्याला शेजारी खायला घालत होते. परत आल्यावर पाहिलं तर त्याने सोफ्यामागे शू आणि मागच्या पडवीत शी करून ठेवलेली. दोन्ही वाळून घट्ट बसलं होतं. आता रोज फिनेलने पुसते, तरी पावसाची सर आली की हॉलमध्ये वास सुटतो. हॉलला व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, पडवीला शहाबादी. शीचा थर तर अजून निघालेला नाही. ॲसिड टाकू का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ॲसिड अजिबात नको. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. ॲसिड पडलं की फसफसतो आणि तिथे कायमचा पांढुरका डाग राहतो. टाइल्सना एकवेळ काही होणार नाही, पण सांध्यांतलं सिमेंट खाल्लं जाईल.

आणि वास बसलाय तो सांध्यांतच. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीत नाही, सांधा पितो. शू वाळली की युरिक ॲसिडचे बारीक कण मागे उरतात. ते साध्या पाण्यात नीट विरघळत नाहीत आणि हवा दमट झाली की पुन्हा वास येतो. फिनेल तो नुसता झाकतं. शिवाय मांजरासाठी ते विषारी आहे. पंजाला लागतं, पंजा चाटला की पोटात जातं, म्हणून ते आजच बंद करा. ब्लीचही नको, शूतल्या अमोनियाशी मिसळून त्याचा घातक वायू होतो.

आधी पडवी. शी कोरडी खरवडू नका, धूळ नाकात जाते. हातमोजे घाला, कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं त्यावर पंधरा मिनिटं ठेवा, मग जुन्या प्लास्टिक कार्डाने अलगद उचला. तारेची घासणी लावू नका, ओरखड्यांत घाण अडकते. मागाहून भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकलेल्या पाण्याने धुवा. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं, मांजराच्या शीतून टोक्सोप्लाझ्मा या परजीवी जंतूचा संसर्ग होऊ शकतो.

हॉलमध्ये आधी फिनेलचा अंश साध्या पाण्याने दोनदा पुसून काढा, नाहीतर पुढचं औषध नीट काम करत नाही. पेट शॉपमध्ये एन्झाइमवालं क्लीनर मिळतं. ते सांध्यांवर नुसतं शिंपडायचं नाही, सांधा भिजेल इतकं ओता आणि मऊ टूथब्रशने आत घाला. वरून प्लास्टिकचा कागद टाका. ओलं असेपर्यंतच एन्झाइम काम करतं, पंख्याखाली वाळलं की थांबतं. बाटलीवर दहा मिनिटं लिहिलेली असली तरी जुन्या डागाला काही तास द्या. मग टिपून घ्या, साध्या पाण्याने पुसा, पूर्ण वाळू द्या. वास उरला तर पुन्हा तेच करा. डाग नेमका कुठवर पसरलाय ते रात्री दिवे घालवून यूव्ही टॉर्चने दिसतं. सोफ्याचे पाय आणि स्कर्टिंगही तपासा.

तरीही वास राहिला, तर मिस्त्रीकडून तेवढे सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून घ्या. ते पाणी पीत नाही.

पुढच्या वेळी शेजाऱ्यांना खाण्याबरोबर लिटर ट्रेही रोज साफ करायला सांगा. ट्रे घाण असला की मांजर दुसरी जागा शोधतं. ट्रे स्वच्छ असूनही बोका ट्रेबाहेर करत असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि बोका जोर करतोय पण शू होत नाही असं दिसलं, तर त्याच दिवशी न्या. मूत्रमार्ग तुंबला असेल तर जिवावर बेततं.