एंजिनएक्सचा साचा एकच ठेव
डेव्ह (विकास), स्टेजिंग (चाचणी), प्रॉडक्शन (प्रत्यक्ष वापर) यांसाठी एंजिनएक्स या वेब सर्व्हरच्या सेटिंगच्या तीन वेगळ्या फायली ठेवू नकोस. महिनाभरात तिघींची तोंडं तीन दिशांना होतात. साचा एकच ठेव; त्यात डोमेन, पोर्ट, बॅकएंडचा (मागे चालणाऱ्या ॲपचा) पत्ता यांच्या जागी नुसती नावं लिही, खऱ्या किमती तेवढ्या बाहेरून येऊ दे. या जागा एंजिनएक्स स्वतः भरत नाही, त्यासाठी एन्व्हसब्स्ट हे नावांच्या जागी किमती भरणारं छोटं साधन लागतं. इथेच मी आपटलो होतो. कोणती नावं बदलायची ते सांगितलं नाहीस, तर ते डॉलर-होस्ट, डॉलर-यूआरआय ही एंजिनएक्सची स्वतःची नावंसुद्धा पुसून टाकतं! म्हणून बदलायच्या नावांची यादी दे. तयार झालेली फाइल एकदा नजरेखालून घाल, मग 'एंजिनएक्स हायफन टी' ही सेटिंग तपासणारी कमांड चालव. ते पास झालं तरच रीलोड. आणि हो, पासवर्ड चुकून गिटमध्ये (फायलींचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) गेला तर नुसती फाइल काढून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधीच्या नोंदीत, तो राहतोच. सरळ पासवर्डच बदल.